पत्रू प्रॉम्प्टरचा मुका पार्ट

कुरखेड्यात नदीच्या अंगाला एक जुनी धानाची गिरणी आहे. गिरणी म्हणायची ती सवयीनं. पट्टे, चाकं, मोटार केव्हाच भंगारात गेली. आता दारावर विज्ञान केंद्राची पाटी आहे, आणि आत जात्याच्या जागी आरसे, झुले, कप्प्या आणि नाना तऱ्हेची यंत्रं मांडली आहेत. पण हवा ओली झाली की भिंतींना अजून कोंड्याचा वास येतो. आमच्याकडचा म्हातारा माणूस उंबऱ्यावर क्षणभर थांबतो, नाकानं खात्री करून घेतो की गिरणी आपलीच आहे, आणि मगच आत पाऊल टाकतो.

हे केंद्र इथं कसं आलं, त्याची कथा चिखलातून सुरू होते. चंद्रपूरहून एक निळी गाडी आश्रमशाळांमधून फिरायची. गाडीत आठ-दहा यंत्रं, आणि सोबत माधवी मॅडम. एका पावसाळ्यात नदीला पूर आला, रस्ता तुटला आणि गाडी कुरखेड्यात अडकली. आता बसून काय करायचं, म्हणून मॅडमनी बंद गिरणीच्या पडवीत यंत्रं उतरवून ठेवली. पहिल्या दिवशी पोरं आली, दुसऱ्या दिवशी पोरांच्या आया आल्या, आणि तिसऱ्या दिवशी रोवणीच्या चिखलानं माखलेले बाप्ये हात धुऊन आले. पूर ओसरला, रस्ता झाला, तरी लोक गाडीला जाऊ देईनात. शेवटी गिरणीवाल्यानंच किल्ली आणून मॅडमच्या हातात ठेवली. कोंडा झाडायला गाव लागलं, पत्रे बदलायला गाव लागलं, आणि लाकडाची निम्मी यंत्रं डोमा सुतारानं बैलगाडीच्या जुन्या धुऱ्या तासून उभी केली. आता आलापल्लीकडच्या शाळांच्याही सहली येतात. बाजाराच्या दिवशी तर भाजीच्या थैल्यांनी पडवी भरून जाते, आणि बचत गटाच्या बायका अंगणातल्या झुल्यांवर बसूनच बैठक उरकतात.

या केंद्राच्या मोठ्या दालनात पिवळं जाकीट घातलेला एक माणूस उभा असतो. काटकुळा, पांढऱ्या मिशांचा, गुडघ्यांत जरा वाकलेला. त्याचं नाव पत्रू. त्याची ओळख नीट करून द्यायची तर आधी नाटकाकडे वळावं लागेल.

आमच्या झाडीपट्टीत धान कापून झालं की गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते, आणि मंडईच्या रात्री नाटक होतं. कंपन्या वडशाच्या, नट कुठकुठचे. आज या गावात एक नाटक, उद्या त्या गावात दुसरं. तालमीला वेळ कोणाला असतो? मग साऱ्यांचा तारणहार एकच. रंगमंचाच्या पुढच्या कडेला एक खड्डा खणतात, प्रेक्षकांच्या बाजूनं त्याला आडोसा करतात, आणि त्यात संहिता घेऊन बसतो तो प्रॉम्प्टर. राजा सिंहासनावर बसून अडला, की खालून वाक्य येतं. नटी रडता रडता विसरली, की खालून हुंदक्यासकट वाक्य येतं. पत्रूनं अख्खी हयात या खड्ड्यात काढली. त्याचा दबका आवाज असा की नटाच्या कानात शिरावा आणि पहिल्या रांगेतल्या पाटलाला पत्ता लागू नये.

आणि त्यानं नाटक पाहिलं ते पायांचं. खड्ड्यातून दिसणार काय? मोजड्या, चपला, पैंजण. कोणता नट दारू पिऊन आला आहे हे तो टाचेवरून सांगायचा. सगळ्यांत चांगले ओळखीचे पाय दुर्गाबाईंचे. दुर्गाबाई म्हणजे कंपनीची मोठी नटी, बाया जिच्या रडण्यासाठी घरून कोरडे पदर नेऊन ओले परत आणायच्या. त्या अडल्या की डाव्या पायाचा अंगठा फळीवर दोनदा आपटायच्या. टक टक. की पत्रूनं वाक्य पुरवलंच. टाळ्या पडायच्या, हार पडायचे, आणि एखादं झेंडूचं फूल घरंगळत खड्ड्यात यायचं. पत्रू ते कानावर खोवायचा आणि पुढचं पान उलटायचा.

गुडघे कुरकुरायला लागले, खड्ड्यात उतरलं की चढता येईना, तेव्हा त्यानं नाटक सोडलं. मॅडमना अशाच माणसाची गरज होती. गावोगावची बोली माहीत असलेला, कोणत्याही माणसाशी न बुजता बोलणारा. त्यांनी त्याला पिवळं जाकीट दिलं. पत्रूनं ते घालून आधी अंगणात, मग पुलापर्यंत आणि मग विनाकारण बाजारात एक फेरी मारली. वरून दिवा, समोर माणसं, आणि माणसांचे चेहरे. आणि त्या चेहऱ्यांनाही त्याचा चेहरा दिसत होता. म्हातारपणी असं सुख पदरात पडलं, म्हणून तो रोज वेळेच्या आधी येऊन दाराशी उभा राहू लागला.

पण जित्याची खोड म्हणतात ती खोटी नाही.

दालनात डोमानं केलेला एक लाकडी भोवरा आहे, दोन्ही टोकांना निमुळता. तो दोन तिरक्या पट्ट्यांवर ठेवला की उताराला न येता चढाकडे निघाल्यासारखा दिसतो. एखादा शेतकरी तो हातात घ्यायचा, उलटसुलट करायचा, पट्ट्यांकडे पाहत विचारात पडायचा. तो विचारात पडला की पत्रूच्या जिभेला मुंग्या यायच्या. लगेच मागून दबका आवाज यायचा की ठेवा, तो वर जाते पाहा, आणि खरं म्हणजे वर जात नाही, त्याचं पोट खाली येते. शेतकरी मान डोलवायचा, भोवरा होता तिथं ठेवायचा आणि पुढं जायचा. शाळेच्या गुरुजींनी पोरांना प्रश्न विचारला, की पोरं यंत्राकडं न पाहता पत्रूच्या ओठांकडं पाहायची. उत्तर एका सुरात यायचं. गुरुजी खूश, पोरं खूश, पत्रू सगळ्यांहून खूश. त्याच्या मनात एकच हिशेब होता. माझ्या दालनात आजवर कोणी अडलं नाही.

एके दिवशी मॅडम त्याला अंगणात घेऊन गेल्या. तिथं कप्प्यांची खुर्ची आहे, दोर ओढून स्वतःला वर उचलायची. दोराची लाकडी मूठ पोरांच्या हातांनी काळी आणि गुळगुळीत झाली होती, जात्याच्या खुंट्यासारखी. मग त्या त्याला परत दालनात घेऊन आल्या आणि तिथल्या मुठी दाखवल्या. त्या डोमानं दिल्या तशाच होत्या, कोऱ्या, रंध्याच्या रेघांसकट.

"पत्रूभाऊ, तुमच्या दालनात माणसं हसतात, टाळ्या वाजवतात आणि निघून जातात," मॅडम म्हणाल्या. "हात कोणी लावत नाही. हात लावायच्या आतच तुम्ही शेवट सांगून मोकळे होता."

पत्रूनं मुठीवरून बोट फिरवलं. त्याला ते नाकारता येईना.

"मॅडम, समोरचा अडला का माह्यानं राहवत नाई जी. स्टेजवर मानूस गप उभा राह्यला का नाटक पडते."

"इथं माणूस गप्प उभा राहिला की समजायचं, नाटक आता सुरू झालं."

मॅडमचा स्वर गोड होता, पण पुढचं बोलणं पत्रूला गोड लागलं नाही. मंडईपर्यंत पाहू, त्या म्हणाल्या. नाही जमलं तर तिकिटाची खिडकी सांभाळा, बसून काम आहे, गुडघ्यांनाही आराम पडेल. त्यांनी भल्यासाठीच सांगितलं होतं. पण पत्रूनं जाता जाता त्या खिडकीकडे पाहिलं. भिंतीतलं एक भोक. त्यातून आत येतात ते फक्त हात. आयुष्यभर पाय पाहिले, आता हात पाहायचे. म्हणजे पुन्हा खड्डाच की. हा नुसता उभा खणलेला.

दुसऱ्या दिवसापासून पत्रूनं जिभेशी कुस्ती मांडली. तोंडात चिंचोका धरून उभा राहिला. दुपारी एक बाई आरशापुढं अडली, पत्रूला राहवलं नाही, तोंड उघडलं आणि चिंचोका पोटात गेला. मग त्यानं ओठ मिटून घेतले, तर भुवया बोलायला लागल्या. भुवया आवरल्या तर हात हलू लागले. एका सहलीतली पोरं बराच वेळ त्याच्याभोवती गोळा होऊन उभी राहिली. त्यांना वाटलं हेही एक यंत्रच आहे, आणि ते कुठं दाबलं की थांबतं ते ती शोधत होती.

घरी येऊन त्यानं बायकोला, रुखमाला, हे सांगितलं. रुखमा हसली नाही. तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं आणि म्हणाली, की हे दुखणं गिरणीतलं नाही, घरातलं आहे. लग्न होऊन आल्यापासून तिचं एकही वाक्य तिनं स्वतः पुरं केलेलं नाही. ती 'भाजीत' म्हणते, हा 'मीठ' म्हणतो. ती 'स्वातीचा' म्हणते, तोवर हा आलापल्लीला दिलेल्या लेकीचा अख्खा निरोप सांगून मोकळा होतो.

"उद्यापासून मी बोलीन आन् तुमी आयकान," ती म्हणाली. "मी मंधात थांबीन. तुमी वाक्य द्याचं नाई."

आणि रुखमानं त्याची तालीम घेतली. अशी तालीम कोणत्या कंपनीनं घेतली नसेल. ती बोलायला सुरुवात करायची आणि ऐन मोक्यावर थांबून पाणी भरायला जायची. "काल बाजारात मले पाह्यलं आन् शेजारची बुधरी म्हणे का," एवढं बोलून ती तांदूळ निवडायला बसायची. पत्रू अंगणात येरझाऱ्या घालायचा, कुंपणाच्या काड्या मोडायचा. बुधरी काय म्हणाली असेल याचे चार-पाच जबाब त्याच्या जिभेवर रांग लावून उभे असायचे. रुखमा तांदळातला खडा शांतपणे बाजूला काढायची आणि मग सांगायची. पत्रूचा जबाब दर वेळी चुकलेला असायचा. त्याला याचंच नवल वाटू लागलं.

मंडईच्या आदल्या आठवड्यात एका संध्याकाळी ती कोंबड्यांना कणी टाकत होती. म्हणाली, "मले कई दिवसापासून वाटते का..." आणि थांबली. कोंबड्यांना खुराड्यात घातलं. खुराड्याचं दार लावलं. हात धुतले. पत्रूला खात्री होती की हे कवेलूंचं आहे. छपराचे कवेलू फेरायचे राहिले होते. नाहीतर लेकीकडे जायचं असेल. तिसरं काही असूच शकत नव्हतं. पण त्यानं दातांवर दात दाबून धरले.

"...का त्या गिरणीत एक डाव मी बी जावं," रुखमा म्हणाली.

 गिरणी हाकेच्या अंतरावर, नवरा तिथं कामाला, आणि ही बाई आजवर आत गेली नाही, हे पत्रूच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. मग इतके दिवस काऊन नाही आली, असं त्यानं विचारलं.

"तुमी दररोज घरी येऊन सारं सांगून टाकता. पाह्याले मंग उरलं काय?"

 मॅडमनी मुठी दाखवल्या तेव्हा त्याला चूक कळली होती. पण ती आत उतरली ती आता, कणीच्या रिकाम्या सुपाकडे पाहताना. रुखमानं जाता जाता एक अट घातली, की ती येईल तेव्हा त्यानं तिच्या मागं मागं फिरायचं नाही.

मंडईचा दिवस उजाडला. कुरखेड्यात पाय ठेवायला जागा नव्हती. पाळणे, बांगड्या, शिंगाडे, ऊस, आणि नाटकाच्या मंडपावर भोंगा. गिरणीच्या पडवीत थैल्यांचा ढीग लागला. माधवी मॅडम सगळीकडं होत्या, आणि पत्रूला वाटत होतं की त्या फक्त आपल्याच दालनात आहेत.

दालनाच्या दोन टोकांना दोन मोठ्या पांढऱ्या पराती उभ्या आहेत, एकमेकींकडं तोंड करून. त्या पराती नव्हेत, पण गावानं त्यांना तेच नाव दिलं. प्रत्येकीच्या पुढं एक लोखंडी कडं आहे. कड्याजवळ तोंड नेऊन परातीत पुटपुटलं, की ते शब्द परातीवर आपटून थेट दुसऱ्या टोकाच्या परातीत जातात आणि तिथल्या कड्यापाशी गोळा होतात. मधल्या गर्दीला त्यातलं काही ऐकू येत नाही. पत्रूचं हे सगळ्यांत लाडकं यंत्र. खड्ड्यातून केलेलं त्याचं आयुष्यभराचं काम ही परात नुसती उभी राहून करत होती. आणि म्हणूनच इथं गप्प राहणं त्याला सगळ्यांत जड जायचं.

दुपार कलली आणि दारात गलका झाला. रात्रीच्या नाटकाची कंपनी झोपेतून उठून केंद्र पाहायला आली होती. पुढं दुर्गाबाई, डोळ्यांवर काळा चष्मा, खांद्यावर शाल. लोकांनी वाट करून दिली. पत्रूनं सवयीनं आधी पायांकडं पाहिलं. तेच पाय, तीच जोडवी. मग त्यानं मान वर केली.

दुर्गाबाई थेट डाव्या टोकाच्या परातीपुढं जाऊन उभ्या राहिल्या. कड्याकडं पाहिलं, परातीकडं पाहिलं. बोटांनी वाजवून पाहिलं. मागं जाऊन डोकावल्या. सगळी माणसं आता बाईंकडं पाहत होती आणि बाईंना काही सुचत नव्हतं. त्यांनी वळून पत्रूला शोधलं, आणि डाव्या पायाचा अंगठा फरशीवर आपटला. टक टक.

 शब्द पत्रूच्या जिभेच्या शेंड्यावर येऊन उभे राहिले. त्यानं हात पाठीमागं बांधले आणि छपराकडं पाहिलं. पत्र्याखाली चिमणीनं घरटं केलं होतं, त्यातल्या काड्यांवर त्यानं नजर रोवली.

पुन्हा टक टक. आता जरा जोरात.

"पत्रूभाऊ, वाक्य द्या ना जी."

गर्दी हसली. दाराशी मॅडम उभ्या होत्या, हे पत्रूनं न पाहताही पाहिलं. कपाळावरून एक घामाचा थेंब नाकावर आला. तो म्हणाला, "बाई, या पार्टात मले वाक्यच नाई," आणि दालनाच्या मधोमध जाऊन उभा राहिला, बाईंच्या अंगठ्यापासून जमेल तितका दूर.

दुर्गाबाई रागावल्या. नटी रागावली की साऱ्या अंगानं रागावते. शाल सावरून त्यांनी पत्रूकडं पाठ केली, तोंड परातीकडं आलं, आणि त्या कड्यात मान घालून काहीतरी पुटपुटल्या. ते काही आशीर्वादाचे शब्द नव्हते, एवढं त्यांच्या खांद्यांवरून कळत होतं.

मग त्या दचकल्या. ताठ झाल्या. मागं वळून पाहिलं, मागं कोणी नव्हतं. परातीच्या पांढऱ्या अंगावर हात ठेवला, जसा गाईच्या पोटावर ठेवतात. हळूच कान कड्याजवळ नेला. ऐकलं. आणि तोंडाला पदर लावून हसायला लागल्या.

पत्रूनं दुसऱ्या टोकाकडं मान वळवली. तिथल्या परातीपुढं बाजाराची थैली पायाशी ठेवून, हनुवटी कड्यात घालून एक बाई उभी होती. लुगडं रुखमाचं होतं. खांदे रुखमाचे होते, आणि ते हसून हसून हलत होते.

ती केव्हा आली, कोणाला विचारून तिथं गेली, त्याला काही ठाऊक नव्हतं. इकडं दुर्गाबाई परातीत बोलायच्या, तिकडं रुखमा हसायची. तिकडं रुखमा बोलायची, इकडं दुर्गाबाई कपाळाला हात लावून पत्रूकडं पाहायच्या आणि पुन्हा हसायच्या. दोघी एकमेकींशी जन्मात बोलल्या नव्हत्या, आणि आता बोलणं संपता संपेना. विषय कोण होता, ते सांगायला प्रॉम्प्टर नको होता. पण नेमके शब्द? पत्रू मधोमध उभा होता. अख्ख्या दालनात तीच एक जागा अशी, की जिथं काहीही ऐकू येत नाही.

माधवी मॅडम त्याच्याजवळ आल्या. काय बोलतायत हो त्या, असं त्यांनी विचारलं.

"मले मालूम नाई जी," पत्रू म्हणाला. आणि असं वाक्य आपण याआधी कधी म्हटल्याचं त्याला आठवेना.

मॅडमनी दालनभर नजर फिरवली. आतापर्यंत दोन्ही परातींपुढं पोरांच्या रांगा लागल्या होत्या, आणि भोवऱ्याजवळ एक म्हातारा पट्ट्या खालीवर करून स्वतःशीच वाद घालत होता. मग त्या म्हणाल्या, तिकिटाच्या खिडकीसाठी दुसरं कोणीतरी पाहावं लागेल. एवढं बोलून त्या पडवीतल्या थैल्यांकडं गेल्या. पत्रूनं जाकिटाची कॉलर नीट केली.

निघताना दुर्गाबाई त्याच्यापुढं थांबल्या. चष्मा काढला आणि त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"इतके साल तुमचं वाक्य घेतलं पत्रूभाऊ, पण तोंड आज धड पाह्यलं," त्या म्हणाल्या. "बरं आहे जी. खड्ड्यात घालाचं नोहतं."

संध्याकाळी मंडई भरात असताना पत्रू आणि रुखमा घराकडे निघाले. तिच्या थैलीत शिंगाडे होते, त्याच्या अंगात अजून पिवळं जाकीट. मागं भोंग्यावर नाटकाची जाहिरात चालू होती. पुलावर गार वारा होता, आणि खाली नदीत पाळण्याचे दिवे हलत होते. पत्रूनं काही विचारलं नाही. तो नदीकडं पाहत चालत राहिला.

"तुमची ती दुर्गाबाई," रुखमा शेवटी म्हणाली. "ते मले म्हणे का तुमचा नवरा..."

आणि ती थांबली. चपलेचा अंगठा निघाला होता. तिनं थैली कठड्याला टेकवून ठेवली, खाली वाकली आणि सावकाश, अगदी सावकाश, तो बसवायला लागली.

पत्रू कठड्याला टेकून उभा राहिला. थैलीतला एक शिंगाडा काढून तो सोलू लागला, आणि वाट पाहू लागला.